बत्तीचा पडदा

वय झालं की राग निवतो, असं सगळे सांगतात. माझा नाही निवला. आत्ता हे लिहायला बसले तर सून म्हणाली, "आई, बीपीची गोळी घेतलीत ना? मग खुशाल लिहा." गोळी घेतली आहे. तरी त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला की तळपायाची आग मस्तकात जाते. तो माणूस कधीच मेला. आबाही गेले. आणि ज्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर मला सगळ्यांत जास्त राग आहे, ती मीच. ती कुठे जाणार? ती इथेच बसून लिहिते आहे.

माझे वडील, म्हणजे आबा, रत्नागिरीच्या किल्ल्यावरच्या बत्तीवर नोकरीला होते. दीपगृह हा शब्द खात्याच्या कागदांवरचा. आमच्या घरात तो कोणी तोंडाने उच्चारलेला मला आठवत नाही. आम्ही म्हणायचो बत्ती. बत्तीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे विहीर, पुढे करवंदीच्या जाळ्या आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. वारा एवढा की दोरीवर वाळत घातलेलं लुगडं चार ठिकाणी गाठी मारून बांधावं लागे. आई सारखी करवादायची, "ह्या वाऱ्यान माझा डोका फिरवलान हो!" आणि वारा पडला की तिलाच झोप येत नसे. रात्री जेवायला बहुतेक कुळथाची पिठी आणि भात, सोबत भाजलेला सुका बांगडा. आबा जेवून वर जायचे. मग वरून बत्ती फिरवणाऱ्या यंत्राला चावी दिल्याचा कर्रकर्र आवाज यायचा आणि तो ऐकतच आम्ही झोपायचो. पुढे लग्न होऊन सासरी आले तेव्हा तो आवाज नाही म्हणून मला कित्येक दिवस झोप लागली नव्हती. नवऱ्याला वाटायचं, मला माहेरची आठवण येते.

बत्तीवरच्या माणसाचा एक नियम असतो, तो इथे सांगितला पाहिजे. वरच्या खोलीत भलंमोठं भिंग असतं, पितळेच्या चौकटीत बसवलेले काचेचे लोलकच लोलक. रात्री ते आतला उजेड कित्येक मैल समुद्रावर फेकतं. दिवसा तेच भिंग बाहेरचं ऊन आत ओढून घेतं, आणि ऊन एका जागी साठलं की कापड म्हणू नका, लाकूड म्हणू नका, जे असेल ते पेटतं. म्हणून पहाटे बत्ती विझवली की सूर्य वर यायच्या आत चारी बाजूंच्या काचांना आतून जाड पडदे ओढायचे. त्यात हयगय नाही. पडदे ओढल्याशिवाय आबा चहाला तोंड लावत नसत. आई खालून ओरडायची, "ओढलेत काय हो?" वरून "होऽऽ" आलं की मगच ती चहा गाळायची. बाराव्या वर्षापासून पडदे ओढायचं काम माझ्याकडे होतं. ताप असला तरी मी जिने चढून जायची. वाडीतल्या बायका म्हणत, पोरीच्या जातीला कशाला एवढं वर चढवता? आबा म्हणत, "माझ्यापेक्षा ती जास्त जपून ओढते." हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवत असे.

मग माझं लग्न काढलं. मुंबईचं स्थळ, मुलगा गोदीत कारकून, वडील नाहीत, सगळा कारभार मामाकडे. मामा म्हणजे मोठं प्रस्थ. गळ्यात कॅमेरा, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलणं असं की समोरच्याने फक्त मान हलवायची. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, "पोह्यांच्या बशीमागे मुलगी बघून काय कळतं हो? आपण सगळे जीपने फिरायला जाऊ. मला जुन्या बत्त्या बघायच्याच आहेत. दोघं बोलतील, आपलं फिरणंही होईल." आबांना केवढा आनंद झाला! बत्त्या बघायला मागणारे पाहुणे त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटले होते. बेत ठरला असा: सकाळी आमची बत्ती बघायची, मग जीपने जयगडच्या वाटेवरची एक जुनी लहान बत्ती, पुढे जयगड, तिथे जीप ठेवून होडीने खाडी ओलांडायची, हेदवीला दशभुज गणपतीच्या पाया पडायचं, रात्री तिथेच कुणाकडे तरी मुक्काम करून पलीकडची बत्ती. ती वाटेवरची लहान बत्ती कुठली, ते मी लिहिणार नाही. तिचा काही दोष नाही, उगाच तिच्या नावाला डाग कशाला!

आई पहाटे उठली आणि घावणे घातले. सोबत नारळाचा रस, वेलची घातलेला. वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, सोललेली अंडी. मला तिने तिची हिरवी साडी नेसवली आणि कानात सांगितलं, "विचारतील तेवढाच बोल. शहाणपण नको दाखवू हा गो." मी म्हटलं, "बरं." शहाणपण म्हणजे काय, हे तिने तेव्हा नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा समुद्राच्या कडेने सलग रस्ता नव्हता. निवळीवरून चाफे गावाला जायचं आणि तिथून कातळाचे उघडे सडे तुडवत पुन्हा समुद्राकडे उतरायचं. मामा स्वतः जीप चालवत होते. पुढे आबा, मागे मी आणि मुलगा. मुलाचं नाव लिहायची मला गरज वाटत नाही. तांबडी धूळ आत येत होती, त्याने आपला रुमाल मला दिला. मामा सांगत होते आणि आबा ऐकत होते. बत्त्यांविषयी मामा आबांना सांगत होते, हे लक्षात घ्या! लोलक कुठल्या देशातून यायचे, जहाजवाले बत्तीचे झोत कसे मोजतात, काय काय. त्यातलं निम्मं चूक होतं. मी तोंड उघडणार होते, आईची ताकीद आठवली, गप्प बसले.

त्या लहान बत्तीवर इस्माईलचाचा होते. आबांच्या हाताखाली ते चार वर्षं होते. माझ्या हाताला धरून यंत्राची चावी फिरवायला त्यांनीच शिकवलं होतं. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा, गणपतीत आमच्याकडून मोदक जायचे. इतकी वर्षं होऊनही ते खात्यात हंगामीच होते. महिन्याभरात कायम होणार, कागद वर गेलेत, असं त्यांनी जीपमधून उतरता उतरताच आबांना सांगितलं. तिथले मुख्य सुट्टीवर होते, त्यामुळे सगळी जबाबदारी चाचांवर. खरं तर परक्या माणसांना वर न्यायची परवानगी नव्हती. चाचा थोडे घुटमळले. आबा म्हणाले, "इस्माईल, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे रे." झालं, चाचांनी कुलूप काढलं.

वरच्या खोलीत पडद्यांमुळे अंधार होता. मामांनी भिंगाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चाचांना म्हणाले, "अहो, पाणी मिळेल का जरा? गार आणा, विहिरीचं." चाचा जिना उतरले. आबा जिन्याच्या तोंडाशी धाप टाकत उभे होते. मामांनी कॅमेरा काढला, मला आणि मुलाला भिंगाशेजारी उभं केलं आणि पूर्वेकडचा पडदा सर्रकन बाजूला केला. मी म्हणाले, "मामा, पडदा नका उघडू. दिवसा उघडत नाहीत." मोठ्याने म्हणाले. आबांनी ऐकलं. मामा हसले, "वा! मुलगी हुशार दिसतेय. अगं, एक फोटो. लगेच ओढतो." ज्या माणसाने वीस वर्षं पडद्याआधी चहाला तोंड लावलं नाही, तो माणूस पाहुण्यांपुढे ओशाळं हसला.

फोटो झाला. मामा म्हणाले, चला बाहेर, समुद्र बघू. सगळे सज्जात गेलो. पडदा उघडाच. आणि इथे माझा स्वतःवरचा राग सुरू होतो, कारण पडदा उघडा आहे हे मला माहीत होतं. मी परत वळणार होते. तेवढ्यात मुलगा माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकला आणि म्हणाला, "बत्ती मध्येच बंद पडली तर तुम्ही काय करता?" तुम्ही म्हणाला. मला, बत्तीबद्दल, कुणी कधी असं विचारलं नव्हतं. मी फुलले. हातांनी चावी फिरवून दाखवली, मेंटल, म्हणजे दिव्याची जाळी, कसं बदलायचं ते सांगितलं, एकदा वादळात आबा आणि मी रात्रभर हाताने भिंग फिरवत बसलो होतो ते सांगितलं. तो ऐकत होता. मला तो आवडला. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. बत्तीवाल्याची मुलगी मी, आणि पडदा विसरले!

जळक्याचा वास आला तेव्हा पलीकडच्या बाजूचा पडदा पेटला होता. त्याचा जळता तुकडा भिंगाच्या चौकटीवर पडून काचेला चिकटून जळत होता. इस्माईलचाचा पाण्याचा तांब्या घेऊन वर पोचले होते, त्यांनी तांब्या खाली ठेवून वाळूची बादली उचलली. मामांनी तांब्या हिसकावला. चाचा ओरडले, "पाणी नको सायेब! काच तापलीय, पाणी नको!" मामांनी सगळा तांब्या भिंगावर ओतला. फट् असा आवाज झाला. एका लोलकाला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

उरलेली आग चाचांनी वाळूने विझवली आणि सगळे खाली आलो. बत्तीवर असं काही झालं की त्याच वेळी वहीत नोंद करावी लागते, आणि हजर असलेल्यांत आबा वरिष्ठ होते. त्यांनी वही उघडली. मामाच आधी बोलले, अगदी शांतपणे, "पडदा उघडा ठेवून हा माणूस खाली गेला होता. आम्हाला काय माहीत तुमचे नियम?" मुलगा जमिनीकडे बघत राहिला. चाचा आबांना म्हणाले, "दत्तूभाऊ, मी पडदे ओढूनच उतरलो. बाय होती ना वर! बाय, तू सांग." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं, आणि त्या बघण्यात नुसती विनवणी होती. मी आबांकडे बघितलं, त्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी समुद्र बघत होते. मला नाही माहीत."

किती सोपं गेलं! आवाजसुद्धा कापला नाही. चाचा पायरीवर बसले. आबांनी नोंद केली, कर्तव्यावरील इसमाच्या हयगयीमुळे वगैरे. मग आम्ही परत फिरलो. जयगड राहिलं, हेदवी राहिली. मामांनी वाटेत जीप थांबवून भाकऱ्या खायला काढल्या. चवीने खाल्ल्या हो त्यांनी! "चटणी फर्मास आहे," म्हणाले. मी भाकरी नुसती हातात धरून बसले होते, तर मामा म्हणाले, "घाबरली बिचारी." त्या वेळी ती चटणी त्यांच्या डोळ्यांत घालायला हवी होती.

आठवड्याभरात कळलं, चाचांना कामावरून काढलं. आबा घरात कोणाशी नीट बोलेनात. मी एकदा म्हटलं, "आबा, आपण चूक केली." ते म्हणाले, "लग्न झालं की मी इस्माईलसाठी खटपट करीन. आत्ता गप्प बस." मी मूग गिळून बसले. आई रोज देवापाशी दिवा लावताना मुंबईच्या पत्राची वाट बघत होती, आणि खरं सांगायचं तर मीही बघत होते. तो रुमाल धुऊन, घडी घालून मी ट्रंकेत ठेवला होता. जळ्ळं माझं लक्षण!

पत्र आलं तिसऱ्या आठवड्यात. आबांनी मोठ्याने वाचलं. मुलगी पसंत आहे. त्यापुढे मामांनी लिहिलं होतं: "त्या दिवशीच्या प्रसंगात मुलीने जो समंजसपणा दाखवला, मोठ्यांचा मान राखून गप्प राहिली, त्याने आम्ही विशेष संतुष्ट आहोत. आमच्या घरात अशीच सून हवी." आईने पदराने डोळे टिपले. आबांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्यात काय आवडलं त्यांना? बत्तीबद्दल मी जे सांगितलं ते नाही. भाकऱ्या नाहीत, हिरवी साडी नाही. मी एका माणसाच्या तोंडचा घास जाताना बघत उभी राहिले, ते आवडलं. जन्मभर हेच करायला नेणार होते मला.

योग असा की दुसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आमच्या बत्तीच्या तपासणीला आले. तपासणी झाली की ते आमच्या ओटीवर चहा घेत. मी कपबश्या घेऊन बाहेर आले, ट्रे ठेवला आणि उभीच राहिले. "साहेब, त्या बत्तीवरचा पडदा इस्माईलचाचांनी उघडा ठेवला नव्हता. माझ्या लग्नासाठी आलेल्या पाहुण्यांनी उघडला. मी नको म्हटलं होतं. भिंगावर पाणीही त्यांनीच ओतलं. मी त्या दिवशी खोटं बोलले." आत आईच्या हातातून काहीतरी पडलं. साहेबांनी कप खाली ठेवला. विचारलं, "तुम्ही नको म्हटलंत ते कोणी ऐकलं?" मी म्हटलं, "आबांनी." साहेब आबांकडे वळले. आबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "खरं बोलत्येय ती."

व्हायचं ते सगळं झालं. लग्न मोडलं. रुमाल मी चुलीत घातला. आबांवर ठपका आला, बदली झाली, तीही दूर गुजरातच्या बाजूला. जाईपर्यंत ते माझ्याशी आईच्या तोंडून बोलत. "तिला सांग, पाणी ठेव म्हणावं." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. आई म्हणायची, "ऐकलंस काय गो? पाणी ठेव." पहाटे मात्र पडदे ओढायला तेच वर जाऊ लागले. मला जिन्याची किल्ली दिली नाही. त्याचा राग मला लग्न मोडल्यापेक्षा जास्त आला, आणि मी त्यांना तो बोलून दाखवला, भिंतीकडे तोंड करून का होईना.

चाचांना परत घेतलं, कायमही केलं. ही बातमी कळल्यावर मी एकटी एसटीने त्यांच्या गावाला गेले. सोबत आईने न विचारता बांधून दिलेले नारळाचे लाडू. खोटं कशाला बोलू, मी आभार मानून घ्यायलाच गेले होते. एवढं सगळं मी उधळून लावलं होतं, कोणीतरी डोक्यावर हात ठेवायला हवा होता ना! चाचा अंगणात बसले होते. "ये बाय," म्हणाले. चाचींनी चहा दिला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि चाचांकडेही बघत नव्हत्या. बशी ठेवून लगेच आत गेल्या.

मी म्हटलं, "चाचा, मी साहेबांना सगळं सांगितलं." ते म्हणाले, "कळलं मला. बरं केलंस." मी थांबले. ते चहा पीत राहिले. मग आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तीन आठवडे ती मला रोज इचारायची. खरं सांगा, तुम्हीच इसरलात ना? मी कुराणाची शपथ घेतली. तरी इचारायची. म्हणायची, बत्तीवाल्याची पोर कशाला खोटं बोलेल?" त्यांनी बशी खाली ठेवली. "आता ती माफी मागते. पण इचारलं ते इचारलंच ना, बाय. नोकरी तू परत आणलीस. हे कोण आणणार?"

मला भयंकर राग आला. माझं लग्न मोडलं, बाप बोलेनासा झाला, आणि हा माणूस मलाच सुनावतो! लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून मी तशीच उठले. एसटीत बसले, चाफे गेलं, निवळी आली, तरी मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडतच होते. मी किती किती मुद्दे काढले! एकेक मुद्दा मांडायची आणि पुढे चाची येऊन उभ्या राहायच्या, नवऱ्याकडे न बघता बशी ठेवणाऱ्या. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझे सगळे मुद्दे संपले होते आणि राग तेवढाच्या तेवढा होता. तो कोणावर काढायचा, ते मात्र तेव्हा कळलं.